दुधाचा पेला आणि मॉस्कोचे मौन : चेर्नोबिलच्या मुलांना झालेला कर्करोग 'अपघात' का नव्हता

१/
चेर्नोबिलविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला २६ एप्रिल १९८६ ची रात्रच सांगायची असते. १ वाजून २३ मिनिटे, चौथी अणुभट्टी, नियंत्रण कक्षातले ते बटण, छपरावर चढलेले अग्निशामक. हे सारे खरे आहे आणि सांगण्याजोगेही आहे. परंतु या दुर्घटनेचा सामान्य नागरिकांच्या शरीरावर झालेला जो परिणाम सर्वांत निर्विवादपणे सिद्ध झाला, तो त्या रात्री घडला नाही. तो पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांत, मुलांच्या हातातल्या दुधाच्या पेल्यातून घडला. आणि तो बऱ्याच अंशी टाळता आला असता.

२/
भट्टी फुटली, त्याला अपघात म्हणता येईल. त्यानंतर हजारो मुलांच्या गळ्यातील ग्रंथीला जो कर्करोग झाला, त्यालाही त्याच शब्दात गुंडाळणे म्हणजे दोषींना इतिहासाच्या मागच्या दाराने सोडून देणे होय. हा धागा त्या शब्दाविरुद्ध आहे. वाद घालण्यापूर्वी मात्र एका ग्रंथीची नीट ओळख करून घ्यावी लागते, कारण या प्रकरणातला सगळा पुरावा तिच्या रचनेतच दडलेला आहे.

३/
मराठी शास्त्रीय परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. बोलण्यात मात्र थायरॉइड हाच शब्द रुळला आहे. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगलेली, दोन पाळ्या आणि त्यांना जोडणारा अरुंद पट्टा अशी ही फुलपाखरासारखी ग्रंथी. प्रौढ माणसात तिचे वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. १६५६ मध्ये लंडनचा वैद्य थॉमस व्हॉर्टन याने तिला ढालीवरून नाव दिले. तिच्या कार्याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. गळ्याला गोलाई यावी, विशेषतः स्त्रियांचा गळा शोभून दिसावा, हा तिचा एक उपयोग असावा असे त्याने लिहून ठेवले. विद्वानांची अडचण झाली की सौंदर्यशास्त्र धावून येते, ते असे.

४/
सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी म्हणजे असंख्य वाटोळ्या पुटिकांचा समूह दिसतो. प्रत्येक पुटिकेची भिंत एका पदरी पेशींची आणि आत दाट, चिकट द्रव. या द्रवात थायरोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन भरलेले असते. भिंतीतल्या पेशी रक्तातून आयोडीन ओढून घेतात, ते आतल्या द्रवाकडे पोहोचवतात आणि तेथे एका विकराच्या साहाय्याने ते या प्रथिनावर बसवले जाते. त्यातूनच आयोडीनचे चार अणू असलेले थायरॉक्सिन आणि तीन अणू असलेले त्याचे अधिक प्रभावी भावंड तयार होते. शरीराच्या प्रत्येक पेशीतील चयापचयाचा वेग या दोन संप्रेरकांवर अवलंबून असतो. लहान मुलांच्या मेंदूची आणि हाडांची वाढही त्यांच्यावरच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातली त्यांची पातळी जोखत असते आणि ती घटली की अवटूला कामाचा हुकूम धाडते.

५/
शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही अंतःस्रावी ग्रंथीत न आढळणारी एक गोष्ट येथे आहे : साठवण. दोन-तीन महिने पुरेल इतका माल ती पुटिकांमध्ये भरून ठेवते. कारण उघड आहे. आयोडीन समुद्राकाठी मुबलक, तर समुद्रापासून दूरच्या प्रदेशांत आणि डोंगराळ मुलखात दुर्मीळ. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम, पण तीही जेथे भागत नाही तेथे गलगंड ठरलेला. म्हणून ही ग्रंथी सदैव आयोडीनच्या शोधात असते आणि शरीरातील आयोडीनचा मोठा भाग तिच्याच कोठारात सापडतो. भुकेली ग्रंथी अधिक हावरटपणे ओढते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

६/
आता खरा मुद्दा. निसर्गातील स्थिर आयोडीनचा अणुभार १२७. अणुभट्टीत युरेनियम दुभंगले की निर्माण होते आयोडीन-१३१. अणुकेंद्रात चार न्यूट्रॉन जास्त, बाकी रासायनिक वागणूक तीच. अवटूच्या पेशींना हा फरक ओळखण्याचे साधन नाही. त्या १३१ ला तितक्याच तत्परतेने आत घेतात, प्रथिनावर बसवतात आणि कोठारात ठेवतात. तेथे ते विघटन पावत राहते. त्यातून निघणारे बीटा कण ऊतीत एखाद-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत; म्हणजे बहुतेक सगळा मारा त्या एवढ्याशा ग्रंथीवरच होतो. गुणसूत्रे तुटतात, पेशी ती जोडू पाहते, आणि कधीकधी भलतीच टोके एकमेकांना जोडली जातात. चेर्नोबिलनंतरच्या बालरुग्णांच्या गाठींत रेट नावाच्या जनुकाची अशी चुकीची जोडणी वारंवार सापडली. कर्करोगाचा प्रकारही बहुधा एकच, पॅपिलरी.

७/
आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. या प्रकरणात याहून महत्त्वाचा आकडा नाही. ८० दिवस म्हणजे दहा अर्धायुष्ये, आणि तेवढ्या काळात मूळ साठ्याचा हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे दूषित दूध फेकून देण्याचीही सक्ती नव्हती. त्याचे चीज किंवा भुकटी करून तीन महिने गोदामात ठेवली असती, तरी आयोडीनचा प्रश्न मिटला असता. हवे होते ते एवढेच, की मे महिनाभर मुलांनी ताजे दूध पिऊ नये, असे कोणीतरी सांगणे.

८/
दूधच का? ढगातून उतरलेले आयोडीन गवतावर बसते. गाय दिवसभरात विस्तीर्ण कुरण चरते आणि त्यावरचे आयोडीन गोळा करते. त्याचा काही भाग दुधात उतरतो. गवतापासून पेल्यापर्यंतचा हा प्रवास दोन-चार दिवसांचा. मग ते दूध मोठ्या माणसापेक्षा अधिक प्रमाणात पिते ते मूल. वर्षाच्या बाळाची अवटू ग्रंथी दोनेक ग्रॅमची. तितकेच आयोडीन दहापट लहान ग्रंथीत साठले की प्रत्येक ग्रॅमवरचा मारा दहापट होतो. त्यात बेलारूस आणि उत्तर युक्रेनमधील पोलेसिये हा दलदलीचा, आयोडीनची मुळातच वानवा असलेला प्रदेश. भुकेल्या ग्रंथींच्या दारात विष वाढून ठेवले गेले.

९/
"तेव्हा हे कोणाला ठाऊक होते?" हा बचाव आजही ऐकू येतो. तो टिकत नाही. बॉस्टनचा डॉक्टर सॉल हर्ट्झ याने १९३६ मध्येच भौतिकशास्त्रज्ञांना विचारले होते की आयोडीन किरणोत्सारी करता येईल का. १९४१ मध्ये त्याने ते अतिक्रियाशील अवटूच्या रुग्णाला औषध म्हणून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अवटूच्या कर्करोगावरही हाच उपचार सुरू झाला. किरणोत्सारी आयोडीन थेट या ग्रंथीत जाते आणि तेथील पेशी मारते, हे ज्ञान चेर्नोबिलच्या वेळी ४५ वर्षांचे झाले होते. त्यावर एक वैद्यकशाखा उभी होती.

१०/
आणि मुलांचे काय होते, तेही माहीत होते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या चाचणीची राख राँगेलाप बेटावर पडली. १९६३ पासून तेथील मुलांच्या अवटूत गाठी दिसू लागल्या. घटनेच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना त्या झाल्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली, तेव्हा ब्रिटिश सरकारने काही दिवसांतच सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातले दूध बंद केले आणि ते ओतून दिले. हे सरकार पारदर्शक होते असे मुळीच नाही. पंतप्रधान मॅकमिलन यांनी चौकशीचा मूळ अहवाल दडपला, तो १९८८ पर्यंत बाहेर आला नाही. परंतु लपवाछपवी करणाऱ्या त्या सरकारनेही दूध ओतले.

११/
सोव्हिएत यंत्रणेला तर हे ज्ञान होते याचा पुरावा तिनेच देऊन ठेवला आहे. अणुकेंद्रालगतच्या प्रिप्यात शहरात स्थिर आयोडीनच्या गोळ्या वाटण्यात आल्या. कोठार स्वच्छ आयोडीनने आधीच भरले की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. २७ एप्रिलच्या दुपारी, म्हणजे सुमारे ३६ तासांनी, ते शहर रिकामे करण्यात आले. उशीर झाला, तरी प्रिप्यातची मुले त्यामुळे बरीच वाचली. मग शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या गोमेलच्या खेड्यांनी काय पाप केले होते? तेथे गोळ्या वेळेवर पोहोचल्या नाहीत, इशारा तर नाहीच. २८ एप्रिलला स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रातील यंत्रांनी बोंब ठोकली, तेव्हा कुठे त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीवर चार ओळींची बातमी झळकली. दुधाचा त्यात उल्लेख नव्हता. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यावर संचलन झाले, त्यात मुलेही होती.

१२/
दुधातील आयोडीनची तात्पुरती मर्यादा ६ मे रोजी ठरली. ती सरकारी दुग्धालयांपुरती. खेड्यातली घरची गाय कोण तपासणार? गोर्बाचेव्ह जनतेसमोर बोलले ते १४ मे रोजी. हिशेब करून पाहावा : २६ एप्रिलला बाहेर पडलेल्या आयोडीन-१३१ पैकी तोवर जवळजवळ चार-पंचमांश विघटन पावले होते. मौन सुटले तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. बेलारूसमध्ये अणुऊर्जा संस्थेचे संचालक वासिली नेस्तेरेन्को आयोडीन वाटा म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागले होते. वर्षभरात, १९८७ मध्ये, त्यांचे पद गेले.

१३/
याच आठवड्यात शेजारी काय चालले होते? पोलंडलाही मॉस्कोने काही कळवले नव्हते. २८ एप्रिलच्या पहाटे मिकोलाइकी येथील मापन केंद्राने हवेतील किरणोत्सार टिपला. २९ एप्रिलला निर्णय झाला आणि त्याच संध्याकाळी ईशान्येकडील जिल्ह्यांत वाटप सुरू झाले. काही दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आणि ७० लाख प्रौढांना आयोडाइडचा डोस मिळाला. कुरणात चरणाऱ्या गायींचे दूध थांबवण्यात आले, मुलांसाठी भुकटीचे दूध आणण्यात आले. तेही साम्यवादी राज्यच होते, आणि १९८६ सालचे, दुकानांपुढे रांगा लागणारे.

१४/
येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पोलंडवर पडलेले आयोडीन बेलारूसच्या मानाने फारच कमी होते. त्यामुळे पोलिश मुले केवळ औषधामुळे वाचली, असे म्हणता येत नाही. तसे छातीठोक सांगणारे धागे अतिशयोक्ती करतात. पोलंडने सिद्ध केले ते वेगळेच : इच्छा असेल तर कोट्यवधी लोकांपर्यंत औषध दोन-तीन दिवसांत पोहोचते, आणि गंभीर दुष्परिणाम अगदी अपवादाने होतात. "लोक घाबरतील" या सबबीचे उत्तर पोलंड आहे. औषधाच्या उपयोगाचे उत्तर बेलारूस आणि रशियाच्याच दूषित भागांतून मिळाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला, तर आयोडाइड मिळालेल्या मुलांत तो सुमारे एक-तृतीयांशावर आला होता.

१५/
हे वाचून कोणी "शेवटी साम्यवादच" असा सुस्कारा सोडणार असेल, तर त्याने अमेरिकेकडे वळावे. डिसेंबर १९४९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड केंद्रातून एका प्रयोगासाठी हजारो क्युरी आयोडीन-१३१ जाणूनबुजून हवेत सोडण्यात आले. आसपासच्या शेतकऱ्यांना ते कळले १९८६ मध्ये. १९५१ पासून नेव्हाडात अणुचाचण्या सुरू झाल्या. कोडॅक कंपनीची फिल्म त्या धुळीने खराब होऊ लागली, तिने तक्रार केली आणि फिल्म उत्पादकांना चाचण्यांची आगाऊ माहिती मिळू लागली. दूध पिणाऱ्या मुलांच्या आईबापांना ती मिळाली नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मला जे संरक्षण लाभले, ते मुलांच्या गळ्याला लाभले नाही. त्या चाचण्यांतील आयोडीन देशभर किती पसरले, याचा सरकारी अहवाल १९९७ मध्ये बाहेर आला.

१६/
मिन्स्कमध्ये येव्हगेनी देमिद्चिक हे शल्यविशारद अवटूच्या गाठी काढत होते. बालकांतला हा कर्करोग इतका दुर्मीळ, की एका शल्यविशारदाला वर्षभरात दोन-चार रुग्ण भेटले तरी पुष्कळ. बेलारूसमधील नोंद अशी : १९८६ मध्ये २, १९८७ मध्ये ४, १९८८ मध्ये ५, १९८९ मध्ये ६. मग १९९० मध्ये २९. १९९१ मध्ये ५५. १९९२ च्या पहिल्या सहा महिन्यांत ३०. एकूण १३१. हा आकडा आणि समस्थानिकाचा क्रमांक एकच निघावा हा निव्वळ योगायोग. काझाकोव्ह, देमिद्चिक आणि आस्ताखोवा यांचे पत्र ३ सप्टेंबर १९९२ च्या 'नेचर' नियतकालिकात छापून आले.

१७/
जगाने काय केले? शंका घेतली. पुढच्याच महिन्यात त्याच नियतकालिकात आक्षेपांची पत्रे आली. त्यांतील एक इत्सुझो शिगेमात्सु यांचे होते. चेर्नोबिलच्या परिणामांचा आंतरराष्ट्रीय आढावा घेणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. किरणोत्साराशी थेट जोडता येईल असा कोणताही आजार आढळला नाही, असे त्या समितीने १९९१ मध्ये जाहीर केले होते. आक्षेप असा, की आता सगळे मुलांचे गळे तपासू लागले आहेत, म्हणून गाठी सापडतात. शिवाय हिरोशिमाच्या अनुभवावरून इतक्या लवकर कर्करोग होत नाही, आणि स्वीडनमध्ये निदानासाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या सुमारे ३५ हजार रुग्णांत तो वाढलेला दिसला नव्हता.

१८/
हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. शोधत गेले की अवटूच्या निरुपद्रवी गाठी ढिगाने सापडतात, हे खरेच आहे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीची लाट आली तेव्हा २०११ पर्यंत या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले, मृत्यू मात्र जेथल्या तेथे राहिले. पण बेलारूसच्या गाठी तशा नव्हत्या. त्या लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत पसरत होत्या. आणि ज्या स्वीडिश रुग्णांचा दाखला दिला जात होता, ते बहुतेक प्रौढ होते. दोन ग्रॅमच्या ग्रंथीचा निवाडा वीस ग्रॅमच्या ग्रंथीवरून केला जात होता. विद्वत्तेचा हा दोष नव्हे, तर आपल्या जुन्या निष्कर्षाला चिकटून राहण्याचा आहे, आणि तो गुन्ह्याच्या बराच जवळ जातो.

१९/
वाद कायमचा मिटवणारी तपासणी गोमेलमध्ये झाली. २००१ मध्ये 'लॅन्सेट'ने ती प्रसिद्ध केली. एकच प्रदेश, एकच तपासणी पद्धत, एकूण २१,६०१ मुले. फरक फक्त जन्मतारखेचा. १९८३ पासून २६ एप्रिल १९८६ पर्यंत जन्मलेली ९,७२० मुले : ३१ कर्करोग. २७ एप्रिल ते डिसेंबर १९८६ मध्ये जन्मलेली २,४०९ : एक. १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली ९,४७२ : शून्य. तपासणीमुळे गाठी सापडत असत्या, तर त्या तिसऱ्या गटातही सापडल्या असत्या. ती मुले जन्मली तेव्हा दुधात आयोडीन-१३१ उरले नव्हते, एवढाच फरक होता.

२०/
आज दोन टोकांचे लोक या मुलांचा इतिहास बिघडवतात. पहिल्या टोकाचे लोक घटनेनंतर नोंदलेला प्रत्येक रुग्ण किरणोत्साराच्या खात्यावर टाकतात. घटनेच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांत १९९१ ते २०१५ दरम्यान सुमारे १९ हजार रुग्ण नोंदले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या मते त्यांतील साधारण एक-चतुर्थांश किरणोत्सारामुळे झाले. बाकीचे वाढते वय आणि वाढती तपासणी यांचे. एक-चतुर्थांश म्हणजेही जवळजवळ पाच हजार माणसे होतात. फुगवण्याची गरजच नाही.

२१/
दुसऱ्या टोकाचे लोक अधिक सुशिक्षित आणि म्हणून अधिक घातक. ते सांगतात : हा तर 'चांगला' कर्करोग, २००५ पर्यंत अवघे १५ मृत्यू. आकडा खरा आहे, आणि त्याचे श्रेय मिन्स्क आणि कीव्हच्या शल्यविशारदांना आहे. दूध पाजणाऱ्या यंत्रणेने ते आपल्या खिशात घालू नये. 'बरा झाला' म्हणजे काय, तेही पाहावे. संपूर्ण ग्रंथी कापून काढली जाते. तिच्या पाठीमागे चिकटलेल्या इवल्या परावटू ग्रंथी सोबत गेल्या की रक्तातील कॅल्शियम आयुष्यभर सांभाळावे लागते. स्वरयंत्राची नस दुखावली की आवाज बसतो. फुप्फुसात पसरलेल्या पेशी मारण्यासाठी मुलाला पुन्हा पाजले जाते तेच आयोडीन-१३१, या वेळी मोजून-मापून, शिशाच्या भिंतीआड. गळ्यावरच्या आडव्या व्रणाला तिकडे 'चेर्नोबिलचा हार' असे नाव पडले.

२२/
२७ जून १९८६ रोजी सोव्हिएत आरोग्य मंत्रालयाच्या एका विभागाने दुर्घटनेसंबंधीची वैद्यकीय माहिती, रुग्णांना मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेसह, गोपनीय ठरवली. आयोडीन-१३१ तोवर जवळजवळ संपले होते. त्याचे मोजमाप ज्या काही आठवड्यांत करता आले असते, त्या काळात अनेक खेड्यांतील मुलांच्या गळ्याला कोणी यंत्र लावलेच नाही. म्हणून पुढच्या संशोधकांना त्यांच्या आयांकडे जाऊन विचारावे लागले : १९८६ च्या मे महिन्यात मूल दिवसाला किती पेले दूध पीत होते, आणि ते घरच्या गायीचे होते की दुकानातले?